पेलाची गोट्यांची फरशी आणि लेट क्लासिकल ग्रीक कला

निळीशाई

मे महिन्यात ऑफिसच्या कामाने थेस्सालोनिकीला आठवडाभर होते, त्यात एक रविवार मोकळा मिळाला म्हणून पेलाला जाऊन आले. पेला म्हणजे उत्तर ग्रीसमधल्या प्राचीन मॅसिडोनिया राज्याची राजधानी, अलेक्झांडरचा जन्म इथलाच, इ.स.पू. ३५६ चा. तेव्हा समुद्राचं पाणी इथपर्यंत यायचं, आता नद्यांच्या गाळाने समुद्र लांब गेलाय आणि चहूबाजूंनी शेतं आहेत. तिथल्या म्युझियममध्ये एक फरशी आहे, तिच्याबद्दल लिहायचंय म्हणून हा धागा.

चित्र आहे डायोनिससचं, म्हणजे ग्रीकांच्या मद्याच्या देवाचं, बिबट्यावर बसलेला. अंगावर कपडा नाही, हातात फीत बांधलेला दंड, आणि बिबट्या नुसता धावत नाहीये तर अंग ताणून झेपावतोय. मागे काळपट रंग, त्यावर पांढरी अंगं. लांबून बघितलं तर रंगवलेलं चित्रच वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की हे सगळे खडे आहेत, गोल गुळगुळीत गोटे, काही हरभऱ्याएवढे, काही त्याहूनही बारीक. दगड तोडून चौकोनी तुकडे करायची पद्धत नंतर आली, हे जसे मिळाले तसे निवडून, रंग बघून, आकार बघून चुन्याच्या थरात बसवलेत. मी बिबट्याच्या पाठीवरचे ठिपके बघत किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. प्रत्येक ठिपक्यासाठी कुणीतरी काळे खडे वेगळे काढले, मग त्यातले सारख्या मापाचे वेगळे काढले, मग बसवले.

मला जे जाणवलं ते असं की ज्या शतकातल्या, म्हणजे इ.स.पू. चौथ्या, लेट क्लासिकल म्हणतात त्या काळातल्या शिल्पकारांची नावं आपण घेतो, प्रॅक्सिटेलीस, स्कोपास, लिसिपस, त्यांच्या स्वतःच्या हातचं असं खात्रीने म्हणता येईल असं जवळपास काहीच उरलेलं नाही, आपण बघतो त्या बहुतेक रोमन काळातल्या संगमरवरी नकला. आणि ज्या फरशीवरून लोक चपला घालून चालले, जिच्यावर दारू सांडली असेल, ती मात्र मूळची. नक्कल नाही. ज्याने बसवली त्याच्या हातची. आणि कलेच्या पुस्तकांत तिला शेवटची दोन पानं मिळतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुमच्यापैकी कुणी बघितलंय का? ऑलिंथस, व्हर्जिना, डेल्फी, ग्रीसमधलं कुठलंही जुनं ठिकाण चालेल, लिहा.

पाऊलखुणा

छान लिहिलंयस, अजून लिही. एक शंका, पेलाच्या फरश्या साधारण इ.स.पू. ३२५ ते ३०० मधल्या मानतात ना? आणि अलेक्झांडर गेला ३२३ ला, तिथून हेलेनिस्टिक काळ धरतात. मग त्या लेट क्लासिकलमध्ये बसतात का?

निळीशाई

>> लेट क्लासिकलमध्ये बसतात का?

बरोबर आहे, काठावरच्या आहेत. पण बॅबिलॉनमध्ये राजा वारला म्हणून पेलातल्या कारागिराने दुसऱ्या दिवशी वेगळ्या पद्धतीने खडे बसवायला सुरुवात केली असं तर झालं नसणार. हात तेच, शिकवणारे तेच. पक्की तारीख हवी असेल तर ऑलिंथस बघ, खाल्किदिकीमधलं. फिलिपने, म्हणजे अलेक्झांडरच्या वडिलांनी, इ.स.पू. ३४८ मध्ये ते शहर उद्ध्वस्त केलं. लोक गुलाम म्हणून विकले गेले आणि शहर पुन्हा तसं उभं राहिलंच नाही. त्यामुळे तिथल्या फरश्या ३४८ च्या आधीच्याच, यात वाद नाही. १९२८ पासून तिथे अमेरिकन लोकांनी खोदकाम केलं आणि घरंच्या घरं, गल्ल्यांसकट, बाहेर आली. बेलेरोफोन पंखवाल्या घोड्यावरून कायमेरा नावाच्या राक्षसी प्राण्याला मारतोय ते चित्र तिथलंच, आणि एका घरात तर फरशीवर शुभेच्छा लिहिलेल्या आहेत, खड्यांनीच, सुदैव असो अशा अर्थाच्या. त्याच घरात समुद्रकन्या अकिलीससाठी शस्त्रं घेऊन येतायत तेही चित्र आहे. आणि ते शहर जळालं. मला त्या घराचा विचार करवत नाही.

ऑलिंथसची चित्रं मुख्यतः काळी-पांढरी, सपाट, मातीच्या रंगवलेल्या भांड्यांवर असतात तशी. त्यानंतर पन्नासेक वर्षांच्या आत पेलाला करडे, पिवळे, तांबूस, तपकिरी खडे वापरून दंडाची गोलाई, पोटाच्या घड्या, कपड्याची सळ दाखवायला लागले. फरशीवाल्यांनी चित्रकारांचं काम बघून ते आपल्या सामानात करून दाखवलं. तेव्हाची मोठी चित्रं, भिंतीवरची, लाकडी फळ्यांवरची, जवळपास सगळी गेली, व्हर्जिनाच्या मॅसिडोनियन राजांच्या थडग्यांमधली काही सोडली तर. त्यामुळे त्या चित्रकारांना सावली कशी जमायची हेही आपल्याला बऱ्याच अंशी या फरशांवरूनच कळतं.

कोबा

नमस्कार, एरवी मी नुसतं वाचतो, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. माझे बाबा तीस वर्षं मोझॅकची कामं करायचे, ठाणे-मुलुंड पट्ट्यात. टाइल्स बसवणं वेगळं आणि जागेवर मोझॅक ओतणं वेगळं, बाबा दुसरं करायचे. खाली कोबा, त्यावर सिमेंटचा थर, त्यात संगमरवराच्या चिप्स, रोलर फिरवायचा, सुकल्यावर मशीनने घासायचं, तीन-तीन हात, मग ऑक्झॅलिक ॲसिड मारून पॉलिश. आणि रंग बदलायचा असेल किंवा नक्षी हवी असेल तर मध्ये पट्टी उभी करायची, काचेची किंवा पितळेची, म्हणजे इकडचा माल तिकडे जात नाही आणि रेघ सरळ येते.

विचारायचं एवढंच, पेलाला कडा कशा केल्यात? कारण गोल खडे एकमेकांना लागून बसवले तर रेघ दातरी येणार, नाकाडोळ्याची बारीक रेघ तर येणारच नाही.

निळीशाई

कोबा, तुमचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. पट्ट्याच आहेत! शिशाच्या. शिशाच्या किंवा भाजलेल्या मातीच्या बारीक पट्ट्या उभ्या बसवून त्यांनी बोटं, केसांच्या बटा, चेहऱ्याची कड काढलीय आणि त्याच्या आत-बाहेर खडे भरलेत. माझ्याकडे जवळून काढलेले फोटो आहेत, विपूमध्ये (खाजगी निरोपात) पाठवते, बाबांना नक्की दाखवा.

हरणाच्या शिकारीच्या फरशीवर तर करणाऱ्याने वर नाव लिहिलंय, "ग्नोसिसने केलं". साधारण तीन मीटर बाय तीन मीटरचं मधलं चित्र, दोन जवान पोरं, एकाच्या हातात कुऱ्हाड, दुसऱ्याने तलवार उगारलेली, झगे वाऱ्यावर, टोपी उडालेली, मध्ये हरीण आणि हरणाला चावणारा कुत्रा. भोवती वेलबुट्टी, तिच्यातली फुलं-पानं अशी वळतात की वेल जमिनीवरून उचलता येईल असं वाटतं. ग्नोसिस या शब्दाचा अर्थ ज्ञान असाही होतो, पण बहुतेक अभ्यासक ते कारागिराचं नावच धरतात. फरशीवर सही असल्याचं आपल्याला माहीत असलेलं हे सगळ्यात जुनं उदाहरण. फरशीवाल्याने सही केली! म्हणजे त्याला आणि ज्याचं घर होतं त्यालाही ते काम सहीच्या लायकीचं वाटलं होतं.

अवनी_नागपूर

आम्ही दोन वर्षांपूर्वी ग्रुप टूरने गेलो होतो, नाव घेत नाही पण पत्रकात पेला छापलं होतं आणि ऐनवेळी उशीर झाला म्हणून बस थेट पुढे नेली, तो वेळ खरेदीला दिला. तेव्हा फार काही वाटलं नव्हतं, आता हे वाचून चुकचुकल्यासारखं होतंय.

पण आम्ही ऑलिंपियाला हर्मीसची, म्हणजे देवांच्या दूताची, मूर्ती बघितली आणि ती माझ्या डोक्यातून गेलेलीच नाही. एका खोलीत हर्मीस एकटाच उभा आहे, डाव्या हातावर बाळ डायोनिसस, उजवा हात तुटलेला, त्यात बहुतेक द्राक्षांचा घड असणार आणि बाळ तिकडे हात पुढे करतंय. हर्मीस मात्र बाळाकडे बघतच नाहीये, नजर कुठेतरी लांब. माझा मुलगा तेव्हा दहा महिन्यांचा होता, मीही त्याला कडेवर घेऊन अशीच खिडकीबाहेर बघायचे. ती मूर्ती पण नक्कल आहे का?

निळीशाई

अवनी, या एका मूर्तीवर लोक शंभर वर्षं भांडतायत.

ती १८७७ मध्ये ऑलिंपियाला हेराच्या देवळात सापडली. पॉसेनियस नावाचा प्रवासी इ.स. दुसऱ्या शतकात तिथे जाऊन गेला होता, त्याने नेमकं याच देवळात बाळ डायोनिससला घेतलेला संगमरवरी हर्मीस आहे आणि तो प्रॅक्सिटेलीसचा आहे असं लिहून ठेवलंय. ते देऊळ खूप जुनं, खालचा भाग दगडी पण वरच्या भिंती कच्च्या विटांच्या, त्या कोसळून त्यांची माती झाली आणि त्या मातीत मूर्ती सुरक्षित राहिली. त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, मिळाला मूळ प्रॅक्सिटेलीस.

मग शंका यायला लागल्या. पाठीकडचं काम अर्धवट आहे, छिन्नीच्या खुणा तशाच. कंबरेपाशी झाडाच्या बुंध्याला जोडणारा दगडाचा आडवा आधार ठेवलाय, तो नकलांमध्ये फार दिसतो. त्यामुळे कुणी म्हणतं हेलेनिस्टिक किंवा रोमन काळातली, कुणी म्हणतं मूळच, पाठ भिंतीकडे होती म्हणून सोडून दिली. माझं मत विचारशील तर मी मूळ म्हणणाऱ्यांच्या बाजूने जास्त झुकते, कारण पोटावरची त्वचा आणि शेजारी टाकलेल्या कापडाच्या चुण्या यांतला फरक इतका खरा आहे की मला नक्कल करणाऱ्याच्या हातून तो येईल असं वाटत नाही. पण हे माझं मन सांगतंय, पुरावा नव्हे.

आणि एक, तू बघितलास तो पांढराशुभ्र. मूळचा तसा नव्हता, सँडलवर लाल रंगाचे आणि सोन्याच्या मुलाम्याचे अंश सापडलेत. प्लिनी या रोमन लेखकाने लिहिलंय की प्रॅक्सिटेलीसला विचारलं, तुझ्या संगमरवरी मूर्तींपैकी तुला कुठल्या आवडतात, तर तो म्हणाला, ज्यांना निकियासचा हात लागलाय त्या. निकियास म्हणजे चित्रकार, मूर्ती रंगवायचा.

पाऊलखुणा

प्रॅक्सिटेलीसचं नाव निघालंच आहे तर क्निडोस शहरातली ॲफ्रोडायटी, प्रेमाची देवी, यायलाच हवी. प्लिनीचीच गोष्ट. प्रॅक्सिटेलीसने तिच्या दोन मूर्ती करून विकायला ठेवल्या, एक वस्त्र नेसलेली, एक विवस्त्र. कोस बेटावरच्या लोकांना पहिली पसंती होती, त्यांनी वस्त्र नेसलेली घेतली, तेच शालीन म्हणून. उरलेली क्निडोसवाल्यांनी घेतली, आणि मग ती बघायला लोक जहाजांनी यायला लागले. पुढे बिथिनियाच्या निकोमेडीस राजाने शहरावरचं सगळं कर्ज फेडतो, मूर्ती द्या असं सांगितलं, आणि शहरावर कर्ज भरपूर होतं. दिली नाही त्यांनी. कोसवाल्यांची मूर्ती कुणाच्या लक्षात नाही. क्निडोसवाली हरवली, आता नकला आहेत.

लिसिपसचीही एक सांगतो. अंगावरचं तेल-धूळ खरवडणारा खेळाडू, ॲपॉक्सिओमेनोस, मूळ ब्राँझचा. रोममध्ये अग्रिप्पाने तो आपल्या स्नानगृहासमोर लोकांसाठी लावला. तिबेरियस सम्राटाला तो इतका आवडला की त्याने उचलून स्वतःच्या झोपायच्या खोलीत नेला आणि जागी दुसरी मूर्ती ठेवली. तर लोकांनी नाट्यगृहात इतका आरडाओरडा केला, आमचा खेळाडू परत द्या, की सम्राटाला परत ठेवावा लागला.

आता आहे ती संगमरवरी नक्कल, व्हॅटिकनमध्ये, १८४९ ला रोममध्येच सापडलेली. तिच्यात हात सरळ बघणाऱ्याच्या दिशेने पुढे आलाय, म्हणजे समोरून बघून भागत नाही, फिरून बघावं लागतं. डोकं लहान, साधारण उंचीच्या आठव्या हिश्श्याएवढं, त्यामुळे माणूस आहे त्यापेक्षा उंच आणि सडपातळ वाटतो. शंभर वर्षांपूर्वीच्या पॉलिक्लेटसच्या मूर्ती शेजारी ठेवल्या तर त्या एकदम जड, ठाशीव दिसतात.

रंकाळा

लिसिपसचं नाव निघालं म्हणून, आमच्या कोल्हापुरात टाऊन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे, समुद्राचा देव. १९४० च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर इतर ब्राँझच्या वस्तूंबरोबर सापडली, रोमन काळात व्यापारातून आलेली. ती ज्या मूळ मूर्तीवरून घडवली गेली तिचा संबंध अभ्यासक लिसिपसशी जोडतात. पंचगंगेच्या काठावर ही मूर्ती कुणाच्या तरी घरात होती. कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईचं दर्शन झाल्यावर अर्धा तास काढून नक्की बघा.

निळीशाई

रंकाळा, हे मला माहीतच नव्हतं! दिवाळीत मामाकडे जाणार आहे, पहिलं तेच.

दिवसपाळी

मी सिव्हिलवाला, मूर्तींमधलं फार कळत नाही, पण एपिडॉरसला जाऊन आलोय. सगळे तिथलं थिएटर बघतात, बघण्यासारखं आहेच, खाली ३४ आणि वर २१ अशा ५५ ओळी, तेरा-चौदा हजार माणूस सहज बसेल, आणि टेकडीचा उतार वापरल्यामुळे भराव-खोदाईचं काम किती वाचवलंय ते उभं राहिल्यावर कळतं. पण मला जास्त आवडला तो तिथला हिशोब. ॲस्क्लेपियस म्हणजे वैद्यकीचा देव, त्याच्या देवळाच्या बांधकामाचा सगळा खर्च त्यांनी दगडावर कोरून ठेवलाय. आर्किटेक्ट थिओडोटस, त्याला पगार दिवसाला साधारण एक द्राख्मा, म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं. काम तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या ठेकेदारांना दिलेलं, खाणीतून दगड काढणं एकाकडे, वाहतूक दुसऱ्याकडे, खांब उभे करणं तिसऱ्याकडे, आणि प्रत्येक ठेकेदाराला जामीनदार. टिमोथिअस नावाच्या शिल्पकाराला नमुने करण्याचे ९०० द्राख्मा. पावणेपाच वर्षांच्या आत देऊळ पूर्ण. मी स्वतः साइटवर बिलं तपासतो, त्या शिळेसमोर मला एकदम ओळखीच्या माणसात आल्यासारखं झालं.

हाच टिमोथिअस पुढे हॅलिकार्नाससला (आताचं तुर्कस्तानातलं बोद्रुम) गेला ना, तिथला राज्यकर्ता मॉसोलस याच्या थडग्याच्या कामावर?

निळीशाई

हो, तोच. प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे चार बाजू चौघांनी वाटून घेतल्या, पूर्व स्कोपास, उत्तर ब्रायक्सिस, दक्षिण टिमोथिअस, पश्चिम लिओकारीस, आणि वरचा चार घोड्यांचा रथ पिथिओसचा. मॉसोलस वारला ३५३ ला, बायको आर्टेमिसिया दोन वर्षांनी, आता पैसे देणारं कोण असा प्रश्न होता, तरी हे लोक काम सोडून गेले नाहीत, आपलं नाव राहील म्हणून पुरं केलं असं प्लिनी म्हणतो. पुढे भूकंपांनी ते पडलं आणि बोद्रुमचा किल्ला बांधणाऱ्या सरदारांनी दगड नेले, काही तर चुन्यासाठी भाजले. उरलंसुरलं १८५७ च्या सुमारास ब्रिटिश म्युझियममध्ये गेलं. किल्ल्याच्या भिंतीत अजून ते दगड आहेत.

दिवसपाळी, एपिडॉरसची गोल इमारत बघितलीत का, थोलोस? जमिनीखाली तिच्या पायात गोल गोल भिंतींचं चक्रव्यूहासारखं काहीतरी आहे. आत कोरिंथियन खांब होते, पानांचा माथा असलेले, आणि तसा एक माथा तर पुरलेल्या अवस्थेत अगदी कोरा सापडला, बहुतेक नमुना म्हणून केलेला. पानांच्या कडा ओल्या असल्यासारख्या वळलेल्या आहेत.

दिवसपाळी

बघितला, म्युझियममध्ये. माझे फोटो सगळे त्याचेच आहेत, बायको वैतागली होती. नमुना मंजूर झाला की तो मापासाठी शेवटपर्यंत जपतात, आमच्याकडेही सॅम्पल फ्लॅट ठेवतातच.

अवनी_नागपूर

पुढच्या वर्षी स्वतः ठरवून जाणार, ग्रुप टूर नाही. आई बरोबर असेल, ६८ वय, गुडघे दुखतात. पेलाला किती चालावं लागेल? आणि ॲम्फिपोलिसच्या थडग्यात २०१४ मध्ये सापडलेली फरशी बघता येते का?

निळीशाई

पेला थेस्सालोनिकीपासून चाळीसेक किलोमीटर, एडेसाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. म्युझियम आणि जुनं शहर यांच्यात थोडं अंतर आहे, मे महिन्यात ऊन चांगलंच होतं, सावली नाही, आईंसाठी गाडी केलेली बरी. आधी म्युझियम बघा, आईंना तिथे आरामात बसता येईल. व्हर्जिनाही त्याच दिवशी होईल असं कुणी सांगेल, पण मी म्हणेन वेगळा दिवस ठेव. थडगी आहेतच, आणि तिथला राजवाडा अनेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०२४ मध्ये उघडलाय.

ॲम्फिपोलिसबद्दल जाण्याआधी नीट चौकशी कर. मला फोटोतच बघायला मिळाली, पाताळाचा देव हेडीस पर्सेफोनी देवीला रथातून पळवून नेतोय आणि पुढे हर्मीस वाट दाखवतोय, साडेचार बाय तीन मीटर, बारीक खड्यांची, मधला भाग नेमका गोल उखडलेला. थडग्यातली फरशी आहे ती, म्हणजे जिवंत माणसांनी तिच्यावरून रोज चालायचंच नव्हतं. तरी केलीच इतकी सुंदर.

कोबा

फोटो मिळाले, मनापासून आभार. काल रात्री बाबांना टॅबवर दाखवले. त्यांना आता डोळ्याला कमी दिसतं, मोठं करून करून बघत होते, जेवण झाल्यावर परत मागितला. डायोनिससच्या चेहऱ्याशी थांबले आणि म्हणाले, "हे पितळेने होणार नाही रे, पितळ एवढ्या लहान वळणाला मोडतं किंवा सरळ होऊन वर येतं. शिसं नरम, बोटाने वाकतं आणि जिथे वाकवलं तिथेच राहतं. म्हणून शिसं घेतलंय."

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर विचारलं, याला पॉलिश कसं केलं असेल. मी म्हटलं, बाबा, नदीचे गोटे आहेत, गुळगुळीतच होते. तर म्हणाले, "तरी पण सगळे एका लेव्हलला आहेत बघ. ओला असताना वरून फळी ठेवून ठोकलंय."

मुलुंडला एका जुन्या बिल्डिंगच्या जिन्यापाशी त्यांनी १९८४ ला केलेलं कमळ अजून आहे, पितळी पट्टीतलं. बिल्डिंग पाडायची नोटीस लागलीय. रविवारी त्यांना घेऊन जाऊन फोटो काढणार आहे, चांगले आले तर इथेच टाकतो.

निळीशाई

नक्की टाका. आणि बाबांचं नाव कुठे कोरलेलं आहे का ते बघा.

कोबा

विचारलं. नाव नाही, पण कमळाच्या देठाखाली एक हिरवी चिप मुद्दाम लावलीय म्हणाले, बाकी सगळं पांढरं-गुलाबी आहे.